उसवणीची हत्यारे

मराठीत 'उसवणे' हे क्रियापद दोन प्रकारे चालते. सदऱ्याची बाही उसवते तेव्हा ते अकर्मक असते आणि कोणाच्याही इच्छेविना झालेल्या नुकसानीची त्यात नोंद असते. शिंपी बाही उसवतो तेव्हा तेच क्रियापद सकर्मक होते आणि त्यामागे हेतू, हत्यार आणि हाताचे वळण उभे राहते. साहित्याने पहिल्या अर्थाला जवळ केले, नात्यांची वीण उसवल्याचे दुःख पुष्कळ लिहिले, परंतु जाणूनबुजून आणि कापडाला इजा न करता टाके सोडवण्याच्या कौशल्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. शिवणे शिकवणारी पुस्तके भरपूर आहेत. उसवणे हे मात्र चूक झाल्यावर आपोआप जमणारे काम समजले जाते. गोधडी आणि तिची पाश्चात्त्य बहीण क्विल्ट यांच्या शिवणकामात हा समज किती अपुरा आहे, हे त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हत्यारांकडे पाहिले की ध्यानात येते, कारण त्यांतली निम्मी हत्यारे शिवणाच्या डब्यातली नसून केशकर्तनालयातून, शस्त्रक्रियागृहातून आणि शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतून आलेली आहेत.

क्विल्टमध्ये सामान्यतः तीन थर असतात: वर तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्ये कापसाचा किंवा तत्सम भरावाचा थर, आणि खाली अस्तर. त्यामुळे तिच्यात शिवणही दोन प्रकारची असते. पहिली तुकड्याला तुकडा जोडणारी, जिला येथे जोडशिवण म्हणता येईल. दुसरी तिन्ही थर एकत्र धरणारी, जी हाताने केल्यास धावदोऱ्याची आणि यंत्राने केल्यास टिपेची असते. जोडशिवणीत कापडाची जी कड शिवणीच्या पलीकडे आत सोडली जाते, तिला मराठी शिंपीकामात 'माया' असा सुंदर शब्द आहे, आणि क्विल्टच्या तुकड्यांत ही माया प्रथेने अवघी पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर ठेवतात. सदऱ्याच्या शिवणीत माया सहसा याहून अधिक असते, म्हणून उसवताना एखादा धागा कापडाचाच कापला गेला तरी निभावते. पाव इंचात ती सोय नाही. हात दोन मिलिमीटर घसरला तर तुकडाच बदलावा लागतो, आणि तो कापून घेतलेले कापड संपलेले असेल तर अख्ख्या नक्षीचा विचार पुन्हा करावा लागतो.

उसवण्याची पद्धत आधी टाक्याच्या रचनेवर ठरते. एलियास होवे यांना १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात दोन धाग्यांचा 'लॉकस्टिच' म्हणजे गाठटाका होता, आणि पुढे १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांच्या यंत्राने तो घरोघरी पोचण्याचा मार्ग मोकळा केला. या टाक्यात सुईचा धागा वरून आणि बॉबिनचा धागा खालून येतो व दोहोंचा वेढा कापडाच्या पोटात पडतो. म्हणूनच कोणतेही टोक धरून ओढले तरी ही शिवण सुटत नाही, उलट कापडाला चुण्या पडतात; धागा ठिकठिकाणी कापल्याशिवाय गत्यंतर नसते. याच्या उलट स्वभाव साखळीटाक्याचा. जेम्स गिब्ज यांना १८५७ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, ते एकाच धाग्याच्या फासात पुढचा फास ओवत जाते, आणि शेवटचा फास मोकळा केला की सगळी साखळी एका ओढीत सुटते. तांदळाचे, साखरेचे किंवा सिमेंटचे पोते उघडताना बरोबर टोक सापडले तर दोरा सर्रकन निघून येतो आणि चुकीच्या टोकाने ओढल्यास तो अधिकच आवळतो, हा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, त्याला साखळीटाका वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

क्विल्टची शिवण बहुतांशी गाठटाक्याची असल्यामुळे तिच्या उसवणीला आकडेमोडीची बाजू आहे. यंत्राचा नेहमीचा टाका अडीच मिलिमीटरचा धरला, तर एक मीटर शिवणीत ४०० टाके पडतात. दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब दर्शनी थर दहा सेंटिमीटरच्या चौकोनांचा असेल, तर त्यात ३०० चौकोन बसतात. उभ्या शिवणी १४ आणि आडव्या १९ येतात, आणि सगळ्या मिळून साडेछप्पन्न मीटर शिवण, म्हणजे २२,६०० टाके होतात. यातली एकच आडवी शिवण, फक्त दीड मीटरची, चुकीच्या क्रमाने जोडली गेली तरी ६०० टाके सोडवायचे असतात. रूढ रीत अशी की एका बाजूचा दर चौथा टाका कापायचा, म्हणजे दीडशे छेद घ्यायचे, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा धागा एका टोकाने सावकाश ओढायचा. तो अखंड निघून येतो आणि पहिल्या बाजूवर कापलेल्या धाग्याची बारीक तुसे उरतात. कागदाच्या पायावर शिवायच्या तुकडेकामात तर टाका मुद्दाम दीड मिलिमीटरपर्यंत आखूड ठेवतात, कारण शिवून झाल्यावर कागद सहज फाटून यावा लागतो. तिथे एका मीटरला साडेसहाशेहून अधिक टाके येतात आणि नवशिक्यांचा धीर सुटतो तो बहुधा इथेच.

या कामासाठी खास घडवलेले साधन म्हणजे सीम रिपर. त्याला दोन शिंगे असतात: एक लांब आणि टोकदार, दुसरे आखूड आणि बहुतेक वेळा टोकावर लाल मणी बसवलेले, दोन शिंगांच्या बेचक्यात धार असते. टोकदार शिंगाने टाका उचलायचा आणि बेचक्यात सरकवून कापायचा, ही एक रीत. दुसऱ्या रीतीत शिवण थोडी उघडून मण्याचे शिंग दोन कापडांच्या मध्ये, खालच्या अंगाला ठेवतात आणि रिपर सरळ पुढे सारतात. मणी गुळगुळीत असल्यामुळे कापडावरून घसरत जातो, त्यात रुतत नाही, आणि धार फक्त समोर येणारे टाके कापते. मणी हा शोभेचा नाही, हे अनेक वर्षे शिवणाऱ्यांनाही कधीकधी उशिरा उमगते. या साधनाचा खरा दोष वेगळाच आहे. त्याची धार इतकी आत असते की तिला पुन्हा धार लावता येत नाही, स्वस्त असूनही ते वर्षानुवर्षे बदलले जात नाही, आणि धार बोथट झाली की हात नकळत जोर लावू लागतो. कापड फाटते ते धारेपेक्षा या जोराने अधिक. नवी हत्यारे शोधण्याची निकड इथूनच निर्माण झालेली दिसते.

महाराष्ट्रातल्या शिंप्याच्या दुकानात सीम रिपरला फारसा मान मिळालेला नाही. तिथे राज्य आहे ते अर्ध्या ब्लेडचे. दाढीचे दुधारी ब्लेड हे किंग कॅम्प जिलेट यांच्या १९०४ च्या अमेरिकी पेटंटातून जगभर पसरले. ते जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे असते, आणि कागदात गुंडाळून लांबीच्या दिशेने वाकवले की मधोमध मोडते. एका ब्लेडच्या खर्चात दोन हत्यारे होतात, हा त्याचा एक गुण. दुसरा असा की इतके पातळ पाते दोन कापडांच्या फटीत शिरताना कापडाला जागा मागत नाही. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. उसवणारी व्यक्ती जमिनीवर बसते, शिवणीचे एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडते, डाव्या हाताने वरचे कापड आपल्याकडे ओढून शिवण ताठ करते, आणि त्या ताणाने टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे पडले की उजव्या हातातले पाते त्यांना केवळ टेकवते. पाते ओढले जात नाही. ताणलेला धागा धारेला लागताच आपणहून तुटतो आणि शिवण पुढे पुढे उघडत जाते. म्हणजे कापण्याचे निम्मे काम ताण करतो, आणि तो ताण धरण्याचे काम पायाचे असते. अमेरिकेत आणि युरोपात एकोणिसाव्या शतकात हेच काम करण्यासाठी मेजाला अडकवायचा धातूचा पक्षी मिळत असे, ज्याच्या चोचीत कापड धरले जाई; आजच्या क्विल्टर शिलाई यंत्राचा दाबपाय खाली सोडून त्याखाली कापडाचे टोक अडकवतात. तिसरा हात सगळ्यांनाच लागला, तो कोणी कुठून आणला एवढाच फरक.

शस्त्रक्रियागृहातून आलेल्या हत्यारांचा वारसा अधिक सरळ आहे, कारण टाके काढणे हे तिथेही नित्याचेच काम. बदलण्याजोगे पाते असलेली शल्यकर्माची सुरी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रचारात आली, आणि तिच्या पात्यांना आकारानुसार क्रमांक मिळाले. ११ क्रमांकाचे पाते सरळ धारेचे आणि अणकुचीदार असते. १२ क्रमांकाचे कोयत्यासारखे वळलेले असून त्याची धार वळणाच्या आतल्या बाजूला असते, आणि जखमेचे टाके कापण्यासाठी ते वापरले जाते, कारण आकडी टाक्याखाली घालून वर उचलली की धागा कापला जातो व धार त्वचेपासून दूर जाते. क्विल्ट करणाऱ्यांनी ही पाती उचलली ती नेमकी याच गुणासाठी. टाक्याखाली टोक घालायचे आणि धार कापडापासून वर, आकाशाकडे न्यायची, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. मात्र या पात्याची धार इतकी तीक्ष्ण असते की बोटाला लागल्याचे रक्त दिसेपर्यंत कळत नाही, आणि फिक्या कापडावर रक्ताचा डाग म्हणजे उसवणीपेक्षा मोठे काम. म्हणून अनुभवी हात ते पाते थकलेल्या डोळ्यांनी किंवा रात्री उशिरा वापरत नाहीत.

त्याच पेटीतला रक्तवाहिनी दाबून धरण्याचा चिमटा, ज्याला 'हिमोस्टॅट' म्हणतात, तो कापण्यासाठी नसून धरण्यासाठी आहे. त्याच्या मुठीपाशी दाते असतात, ते एकमेकांत बसले की चिमटा बोटांच्या दाबाविना मिटलेला राहतो. दर चौथा टाका कापल्यानंतर जो धागा ओढून काढायचा असतो, त्याचे टोक दोन-तीन मिलिमीटरचेच उरले असेल तर बोटांत येत नाही आणि घामट बोटांतून निसटते. चिमट्याच्या जबड्यात ते एकदा अडकले की धागा सावकाश, कापडाला समांतर ओढता येतो. कापडाच्या पृष्ठभागाशी काटकोनात ओढलेला धागा कापडाचा धागाही बरोबर उचलतो, हे इथे सांगायलाच हवे. संधिवाताने बोटांची पकड गेलेल्या, आणि तरीही शिवणे न सोडलेल्या वयस्क स्त्रियांना या चिमट्याने कामावर टिकवून ठेवले आहे. या लेखातील सर्व साधनांमध्ये माणसाच्या सर्वांत अधिक उपयोगी पडलेले साधन कोणते असे विचारल्यास उत्तर हेच द्यावे लागेल.

सर्वांत अनपेक्षित साधन म्हणजे मिशा कातरण्याचा विजेचा ट्रिमर. त्याच्या तोंडाशी दोन कंगवे असतात, एक स्थिर आणि एक वेगाने डावी-उजवीकडे हलणारा. दोन दातांच्या फटीत जे शिरेल ते कापले जाते. फट इतकी अरुंद असते की सपाट ताणलेले कापड तिच्यात शिरू शकत नाही, पण शिवण उलगडून धरल्यावर दोन कापडांमध्ये उघडे पडलेले टाके केसांसारखे तिच्यात जातात. यंत्रावर केलेले दाट भरतकाम काढायचे असेल तर ट्रिमर मागच्या बाजूने फिरवतात. मागे बॉबिनचा धागा कापला गेला की समोरची नक्षी टेकू गेलेल्या मांडवासारखी सैल पडते आणि चिमट्याने उचलता येते. या साधनाचा धोका एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे घडी. कापडाची बारीकशी चुणी दातांत सापडली तर क्षणार्धात भोक पडते, म्हणून ट्रिमर हाती घेण्याआधी इस्त्री फिरवून घेणे शहाणपणाचे ठरते.

गोल पात्याच्या फिरत्या सुरीचे उदाहरण याच्या जोडीने घेण्यासारखे आहे. ओसाका येथील ओल्फा या कंपनीने १९७९ मध्ये ती बाजारात आणली, आणि तुकडे कापण्याचा क्विल्टरांचा वेग तिने पार बदलून टाकला. काही जणी तीच सुरी, शिवण दाबपायाखाली अडकवून ताठ धरल्यावर, फटीत हलकेच टेकवून टाके कापण्यासाठी वापरतात. रीत अर्ध्या ब्लेडचीच. परंतु ४५ मिलिमीटर व्यासाचे पाते फिरते असल्यामुळे ते थांबवणे हाताच्या स्वाधीन राहत नाही, आणि म्हणून ही पद्धत जलद असली तरी नवख्या हातासाठी ती योग्य म्हणता येत नाही.

ही सगळी हत्यारे ज्या व्यवसायांतून आली, त्यांत एक साम्य आहे. केस कापताना कातडी वाचवायची असते, टाका कापताना जखम वाचवायची असते, आणि शिवण उसवताना कापड. जिथे कापायची वस्तू आणि वाचवायची वस्तू एकमेकींना चिकटून असतात, तिथले हत्यार उसवणीला चालते. सुताराची किंवा स्वयंपाकघरातली सुरी कितीही धारदार असली तरी चालत नाही, कारण समोर येईल ते सर्व कापणे हेच तिचे काम.

टाके कापल्यानंतरची कामे लहान, पण टाळता न येणारी असतात. धाग्याची उरलेली तुसे साध्या खोडरबराने एका दिशेने घासली तर गोळा होऊन वर येतात. चिकटपट्टीचा तुकडा किंवा ओलसर बोटही ते काम करते. काळ्या कापडावरची काळ्या धाग्याची शिवण दिसतच नसेल, तर तिच्यावरून शिंपीकामाचा पांढरा खडू आडवा फिरवतात; धागा कापडाहून किंचित उंच असल्यामुळे खडू त्याच्यावर अधिक बसतो आणि टाके मोजता येण्याइतके स्पष्ट होतात. सुईने पाडलेली भोके नखाने दोन्ही दिशांना, म्हणजे आधी ताण्याच्या आणि मग बाण्याच्या रोखाने, हलके खरवडून, पाण्याचा फवारा मारून इस्त्री केल्यास सुती कापडात मिटतात, कारण धागे बाजूला सरकलेले असतात, तुटलेले नसतात. रेशीम, दाट विणीचे बाटिक आणि चामडे यांत ती मिटत नाहीत, म्हणून तिथे आधी शिवून मग विचार करण्याची सोय नसते. उरेब म्हणजे तिरप्या धाग्याची कड असेल तर उसवताना ओढण्याची रीत सोडून एकेक टाका कापण्याचीच रीत पत्करावी लागते. ओढीने ती कड ताणली गेली की मूळ मापावर परत येत नाही.

इथपर्यंतचे विवेचन चूक दुरुस्त करण्यापुरते झाले, आणि उसवणीची अर्धीच कथा त्यात येते. गोधडी मुळात जुन्या कपड्यांची असल्यामुळे तिची पहिली पायरीच उसवणे ही आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्तीत झालेल्या क्विल्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी झाली. परंतु त्यांतल्या अनेक क्विल्ट शेतात घालून विटलेल्या पँटी आणि डगले उसवून केलेल्या आहेत, हे त्या चित्रमयतेमागचे साधे कारण आहे. मिसूरी पेटवे यांनी पती वारल्यानंतर १९४२ मध्ये त्यांच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट शिवली. अशा कपड्याचा खिसा उसवून काढला की त्याखालचे, उन्हापासून झाकलेले कापड गडद निळे राहिलेले दिसते, गुडघ्यावरचे फिके पडलेले असते, आणि शिवणाऱ्या बाईने रंग लावल्यासारखी ती छटा क्विल्टमध्ये उतरते. तिथल्याच गरिबीच्या काळात, १९३० च्या दशकात, पशुखाद्याच्या आणि पिठाच्या सुती पोत्यांचे कापड ग्रामीण अमेरिकेत क्विल्टसाठी सर्रास वापरले जाई. पोत्याची शिवण साखळीटाक्याची असल्यामुळे तिचा दोरा अखंड निघे, आणि तो गुंडाळून ठेवून पुन्हा शिवणात किंवा विणकामात येई. बंगालच्या कांथेत तर जुन्या साडीच्या काठातून ओढून काढलेल्या रंगीत धाग्यांनीच भरतकाम करण्याची परंपरा आहे. जपानमध्ये किमोनो धुण्याच्या 'आराई-हारी' या जुन्या पद्धतीत तो वस्त्रप्रकार पूर्ण उसवून त्याच्या सरळ पट्ट्या सुट्या करत, धुऊन फळीवर ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. शिवतानाच तो उसवायचा आहे हे गृहीत धरलेले असे, म्हणून टाका हाताचा आणि बेताचाच घट्ट.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळ जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाट चढून आलेले आणि ज्यांच्या घरात आजही कोकणी बोलली जाते, त्यांच्या 'कवंदी' या गोधडीची रीत आणखी वेगळी. त्या तुकडे आधी जोडत नाहीत. कडेपासून आरंभ करून आत येत तुकडा ठेवतात आणि धावदोऱ्याने तो थेट अस्तराला शिवत जातात. जोडशिवण वेगळी नसल्यामुळे एखादा तुकडा झिजला तर त्याच्यापुरता धावदोरा कापून तो बदलता येतो, शेजारच्यांना धक्का लागत नाही.

महाराष्ट्रातल्या गोधडीत, जिला अनेक भागांत वाकळ म्हणतात, हा व्यवहार थरांच्या स्वरूपात दिसतो. नऊवारी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर जाड दोऱ्याने धावदोरा घालून एकत्र बांधलेले असतात; वरचे लुगडे विरले की पुष्कळदा ते न काढताच त्यावर दुसरे घालून पुन्हा शिवले जाते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी गोधडी इतकी जड होते की ओली झाल्यावर एकटीने पिळवत नाही. मग ती उसवावी लागते. इथे यंत्राच्या टाक्याची आकडेमोड उपयोगी पडत नाही, कारण हाताचा धावदोरा एकाच धाग्याचा असतो. त्याची गाठ कापली आणि दर वीतभर अंतरावर एक छेद घेतला की दाभणाच्या टोकाने दोरा उचलून लांब लांब तुकड्यांत ओढून काढता येतो, आणि बरा असेल तर पोती शिवण्यासाठी ठेवला जातो. वरचा थर निघाला की आतल्या लुगड्याचा रंग, जो वर्षानुवर्षे उजेडाला आलेला नाही, पहिल्या दिवसासारखा समोर येतो. चांगले थर निवडून घेतले जातात, विरलेले बाजूला होतात, आणि नवा धावदोरा घालताना सुई जुन्या भोकांच्या रांगेतून न घालता तिच्या शेजारून, जुन्या दोन ओळींच्या मधल्या शाबूत कापडातून नेली जाते.